आईने आयुष्यात एकदाही रक्त दिलं नाही. फलकावर ‘रक्तदात्या’ कसं लिहू?

अंत्रुजची लेक:

नमस्कार मंडळी. येत्या पौषात आईला वर्ष होईल. वर्षश्राद्ध घरी होईलच. त्याशिवाय दादाने आणि वाड्यावरच्या लोकांनी मिळून देवळाच्या सभामंडपात छोटा कार्यक्रम ठरवलाय. तिच्या फोटोचा फलक लागेल आणि चार पानांची स्मरणिका निघेल. मजकूर मी लिहायचा आहे. दादाने फलकाचा नमुना पाठवला, त्यावर ‘थोर रक्तदात्या व समाजसेविका’ असं आहे. तिथेच माझं घोडं अडलंय. माझ्या आईने आयुष्यात रक्ताचा एक थेंब दिलेला नाही. तिला देताच आलं नाही.

जरा सविस्तर सांगते, नाहीतर माझी अडचण कळणार नाही.

१९९१ साली माझी धाकटी मावशी बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. इस्पितळात सांगितलं, दोन बाटल्या रक्त आणा. बाहेर एक माणूस पैसे घेऊन रक्त द्यायला तयार होता, पण त्याने सांगितलेल्या रकमेत आमचं घर दोन महिने चाललं असतं. आई पाटल्या मोडायला म्हणून फोंड्याला परत निघाली. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या गाडीत खिडकीजवळ बसून रडत होती. तिकीट फाडताना कंडक्टरने विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझी पुढची फेरी पणजीचीच आहे, तुम्ही घरी जाऊ नका, याच गाडीने परत चला. पणजीच्या स्टँडावर उतरल्यावर तो खाकी कपड्यांनिशी आईबरोबर इस्पितळात आला, रक्त दिलं, चहा प्यायला आणि पुढच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. दुसरी बाटली माझ्या काकांनी दिली. मावशी आज साठीच्या पुढे आहे आणि तिसऱ्या नातवाला सांभाळते.

त्या दिवशी आईने आधी स्वतःचाच हात पुढे केला होता. बोट टोचून एक थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. तो तळाला जायला हवा होता, तिचा वरच राहिला. ‘बाई, तुमच्यातच रक्त कमी आहे,’ असं सांगून तिला बाहेर बसवलं. पुढे जवळपास कुठेही शिबिर असलं की आई रांगेत पहिली असायची. त्याआधी सहा-सहा महिने तांबडी भाजी, नाचणीची आंबील, खजूर, लोहाच्या गोळ्या, सगळं नेमाने चालायचं. मी दहाएक वर्षांची असताना एकदा तिच्यासोबत गेले होते. थेंब निळ्या पाण्यात पडला, थोडा खाली उतरला, मध्येच थांबला आणि सावकाश परत वर आला. आईने तो वर येईपर्यंत बघितला. मग पदर खोचला आणि दाराशी जाऊन लोकांची नावं लिहायला बसली.

तिची ती वही आता माझ्याकडे आहे. पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे उधारीला असते तसली लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर पहिलीच ओळ: ‘कंडक्टर, फोंडा-पणजी गाडी. ओ पॉझिटिव्ह. नाव विचारायचं राहिलं.’ त्यापुढे २१७ नावं. नाव, वाडा, रक्तगट, शेवटचं कधी दिलं, फोन. जुन्या पानांवर फोनच्या जागी ‘पसरकाराकडे निरोप’ किंवा ‘देवळात भटजींकडे’ असं लिहिलंय. आई जन्मभर कोंकणीत बोलली, पण लिहायची मराठीत. गोवा मुक्त झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर गावात मराठी शाळा सुरू झाली, आणि तिला घातली तेव्हा ती नऊ वर्षांची झाली होती. चौथीपर्यंतच शिकली. अक्षर मात्र मोत्यासारखं.

नावं गाळून थोड्या नोंदी देते (रेंदेर म्हणजे माडाची सूर काढणारा, पदेर म्हणजे पाववाला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी):

‘खुरसाकडचा रेंदेर. ए पॉझिटिव्ह. दिलेल्या दिवशी माडावर चढू नये, बायकोला सांगणे.’

‘पदेर. बी निगेटिव्ह. पहाटे पाव, दुपारी निजतो. चारनंतर.’

‘सर. एबी. सुईकडे बघवत नाही, बोलत राहणे.’

‘टायफॉइड झाला. पुढच्या चवथीपर्यंत नको.’

अशी पानंच्या पानं आहेत. रात्री-अपरात्री फोन आला की ती आधी वही उघडायची, मग चष्मा शोधायची. पावसात छत्री घेऊन रेंदेराच्या दारात उभी असलेली आई मला आजही दिसते. ‘जेवलो मरे?’ हा तिचा पहिला प्रश्न असायचा. रक्ताचं नंतर.

बाकीची कामंही होतीच. १९९५ मध्ये पोलिओची देशभर मोहीम सुरू झाली, तेव्हापासून दर फेरीला ती डोस पाजायला बसायची. मग राहिलेल्या पोरांसाठी घरोघरी फिरायची, दारावर खडूने खूण करायची. म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज, हयातीचे दाखले तिच्याच हातचे. कोणी तिला कसलं पद दिलं नाही आणि तिने मागितलंही नाही. म्हार्दोळच्या जायांची माळ कोणी आणून दिली की ती दिवसभर खूश असायची, हवा होता तो एवढाच मान.

गेली तेव्हा धालोंना, म्हणजे पौषातल्या बायकांच्या नाचगाण्यांना चार दिवस होते आणि ते जिथे होतात तो मांड सारवायची पाळी तिची होती.

दादाला वहीची पानं फोटो काढून स्मरणिकेत छापायची आहेत. लोकांना कळू दे, म्हणतो. त्याचं मन मला कळतं, पण हात धजत नाही. आणि ‘रक्तदात्या’ हा शब्द छापला तर तो तिचाच अपमान होईल असं वाटतं, कारण ती रक्त देऊ शकली नाही हे तिचं मोठं दुःख होतं. तर मी काय लिहू? आणि या वहीचं काय करू? कपाटात ठेवणं जिवावर येतंय.

---

रक्तपेढीतला, आता निवृत्त:

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी तीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. ते निळं पाणी मी हजारो वेळा हाताळलंय. ते मोरचुदाचं द्रावण. त्याची घनता अशी ठेवलेली असते की हिमोग्लोबिन साडेबारा किंवा जास्त असलं तर थेंब पंधरा सेकंदांत तळाला जातो. कमी असलं की तरंगतो किंवा मध्ये रेंगाळून वर येतो. तुम्ही लहानपणी पाहिलेलं अगदी बरोबर आहे. थेंब मध्ये थांबला म्हणजे तुमची आई फार खाली नव्हती, थोडक्यात हुकत होती. आपल्याकडे हे किती बायकांचं होतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. शिबिरातून परत पाठवलेल्या बायकांचे चेहरे मला आठवतात. बहुतेक जणी पुन्हा येत नाहीत. तुमची आई पुन्हा पुन्हा येत राहिली.

तुम्ही लिहिलेला तो पैसे घेणारा माणूस त्या काळी सगळीकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. बंदी आली, पण रक्त कुठून येणार? ते अशा वह्यांमधूनच आलं.

आता वहीबद्दल. पानं छापू नका. नाव, फोन, रक्तगट आणि ‘टायफॉइड झाला’ ही माणसाची खाजगी गोष्ट आहे. त्यांनी ती तुमच्या आईला सांगितली होती, गावाला नाही. छापायचंच असेल तर पहिली ओळ छापा, कंडक्टरची. तिच्यात नाव नाही.

वही चालू ठेवायची असेल तर सध्याचे नियम सांगतो. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणारा असेल तर ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो, तेव्हा ३५० मिलिलिटर घेतात. ४५० घ्यायला ५५ च्या वर वजन लागतं. हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांनी ९० दिवसांनी, बायकांनी १२० दिवसांनी. गोंदवून घेतलं असेल तर वर्षभर थांबायचं. १९९१ पासूनची यादी म्हणजे त्यातले बरेच जण आता ६५ च्या पुढे गेले असतील. त्यांना फोन करा, पण रक्तासाठी करू नका. त्यांच्या मुलांचे नंबर मागा.

आणि शिबिर ठेवणार असाल तर वर्षश्राद्धाच्या दिवशी नको. घरचे उपाशी असतात, पाहुणे जड जेवतात, दोन्ही वाईट. एका दिवशी शंभर बाटल्या गोळा करायचा हट्टही नको. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. एकदम शंभर आल्या की काही वाया जातात आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असताना माणूस मिळत नाही. पंचवीस-पंचवीसची चार शिबिरं करा, त्यातलं एक मे महिन्यात. रक्तपेढीशी काही आठवडे आधी बोला.

---

वास्कोची वहिनी:

मी तिसरंच बोलते, राग मानू नका. तुमचे दादा बोटीवर असतात का? तुमच्या लिहिण्यात तो गावात असल्यासारखा वाटला नाही, म्हणून विचारते. माझा नवरा तारवटी. सासूबाई गेल्या तेव्हा तो दक्षिण अमेरिकेच्या बाजूला कुठेतरी होता, आठव्या दिवशी पोचला. नंतर त्याने घराला रंग काढला, समाधीसारखा चौथरा बांधायला निघाला, हजार लोकांना जेवण घालायचं म्हणाला. मी चिडायचे. पुढे लक्षात आलं, खांदा द्यायला मिळाला नाही त्याची ती भरपाई होती. फलक मोठा हवा म्हणणाऱ्याच्या पोटात काय आहे ते विचारा आधी. शब्द बदलायला तो तयार होईल, पण ‘तू चुकतोस’ असं सांगून होणार नाही.

---

डिचोलीकर:

२००७ मध्ये माझ्या वडिलांचं बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मोठं ऑपरेशन झालं. सहा बाटल्या लागल्या. घरचे आम्ही दोघेच देण्यासारखे होतो. बाकीच्या चार बाटल्या देणारी माणसं संध्याकाळी एका जीपमधून आली. कोणी पाठवलं विचारलं तर एक जण म्हणाला, ‘आमच्याकडची एक बाई आहे, तिने सांगितलं.’ एवढंच. बाई कुठली, नाव काय, काही कळलं नाही. त्यांना आम्ही शहाळी दिली, तीही त्यांनी आमच्या आईसाठी ठेवून दिली. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले, दोन नातवंडांची मुंज बघून गेले.

ती तुमचीच आई असं मी म्हणत नाही. कोणीही असेल. पण तुमची पोस्ट वाचल्यावर मी आईला फोन करून ती संध्याकाळ पुन्हा विचारली. तिला जीपचा रंग आठवतो, आणि त्यातल्या एकाने निघताना घाई केली, पहाटे पाव घेऊन जायचंय म्हणाला, हेही आठवतं.

---

मराठी शाळेतला मास्तर:

मुली, मजकुराचं बोलतो, ते माझं काम. विशेषणं सगळी काढ. ‘थोर’, ‘समाजसेविका’, ‘मायेचा सागर’ हे सगळं प्रत्येक फलकावर असतं, त्यामुळे ते कोणाचंच नसतं. तू इथे लिहिलंस तेच घे: थेंब वर आला, तिने पदर खोचला आणि दाराशी नावं लिहायला बसली. स्मरणिकेचं पहिलं पान झालं. रेंदेराची नोंद घे, त्याला विचारून. ‘दिलेल्या दिवशी माडावर चढू नये, बायकोला सांगणे.’ या एका ओळीत तुझी आई जेवढी आहे तेवढी दहा भाषणांत येणार नाही.

एक आणखी. ती बोलायची कशी, गाणी कुठली म्हणायची, ते आत्ताच लिहून काढ. माझी आई धालोंची गाणी रात्र-रात्र म्हणायची. पौष आला की दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहिलेल्या बायकांत तिचा आवाज वेगळा कळायचा. मी शाळेत पोरांना कविता शिकवत राहिलो आणि घरातलं गाणं टिपायचं राहून गेलं. ती गेल्यावर वाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसलो. निम्मी गाणी मिळाली, आणि त्यातल्याही कितीतरी ठिकाणी एक ओळ गेलेली. मांडावरच्या बायकांना तुझ्या आईबद्दल विचार. यंदाच विचार.

---

अंत्रुजची लेक:

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण वही घेऊन बसले होते.

वास्कोच्या वहिनी, तुम्ही कसं ओळखलंत? दादा बोटीवरच आहे. आई गेली तेव्हा तो चौथ्या दिवशी पोचला. तुमचं वाचल्यावर मी वहीत पहिल्यांदाच आमची नावं शोधली. तोवर डोक्यातच आलं नव्हतं. माझी नोंद सापडली: ‘आमची बाय. बी पॉझिटिव्ह. वजन ४२. तीन किलो वाढल्यावर.’ त्याखाली वेगळ्या शाईने: ‘दिलं.’ आणि पुढे तारीख. ती तारीख मला आठवते. आई माझ्या उशाशी बसली होती आणि माझ्या हाताकडे न बघता त्या भरत जाणाऱ्या पिशवीकडे बघत होती. मला वाटलं होतं तिला काळजी वाटतेय.

दादाची नोंद दोन पानं पुढे: ‘आमचा बाब. ओ पॉझिटिव्ह. बोटीवर. सप्टेंबरात येतो.’ मग प्रत्येक वर्षी त्याच ओळीत महिना खोडून नवा लिहिलेला. सप्टेंबर, मग मार्च, मग ‘चवथीला नाही’, मग जून. ओळ संपली तर समासात वर चढवलेली. मी त्या एका ओळीचा फोटो त्याला पाठवला. दोन दिवस त्याचा काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. फलकाचं मी काही काढलंच नाही. त्यानेच सांगितलं, फक्त तिचं नाव आणि फोटो ठेवू, खाली काही नको. आणि शिबिर तो घरी असेल तेव्हा ठेवू, त्याला द्यायचंय.

आत्तापर्यंत ९४ फोन केले. ३१ नंबर बंद आहेत. १९ घरांत माणूसच गेलेला. मास्तर, रेंदेराला विचारायला मी प्रत्यक्ष गेले, कारण त्याचा फोन नव्हताच. आता ७१ वर्षांचा आहे, माडावर चढणं केव्हाच सोडलंय. मी अंगणात उभी राहूनच सांगायला लागले, वही, स्मरणिका, तुमची ओळ छापू का वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुजी आवय पयलीं जेवलो काय म्हणून विचारताली.’ मला काही सुचेना. मग त्याच्या बायकोने पेज वाढली, खाऱ्याची फोड दिली, मी जेवले आणि मगच बोलणं झालं. ओळ छापायला त्याची हरकत नाही. बायको म्हणाली, तेवढं लिही की तिने सांगितलं त्या दिवशी तो खरंच चढला नाही, मीच शिडी काढून ठेवली होती.

निवृत्त काका, शिबिर तुम्ही सांगितल्याप्रमाणे पंचवीस जणांचंच. वर्षश्राद्धानंतर दोन रविवार सोडून. दुसरं मे महिन्यात. १२ नवी नावं आली आहेत, त्यातली सात जुन्या नावांच्या घरांतली. नवी नोंद मी त्याच वहीत करतेय, पण फोनच्या शेजारी ‘विचारलं, चालेल’ असं लिहून.

डिचोलीकर, पदेर आता मुलीकडे असतो. त्याच्याशी बोलणं झालं. जीपचं विचारलं. तो म्हणतो, जीपने ते कितीदा तरी गेले, कुठली संध्याकाळ ते कसं सांगू. शहाळी मात्र त्याला आठवतात.

आता एकच राहिलंय. पहिल्या ओळीतलं नाव अजून कोरंच आहे. १९९१ च्या पावसाळ्यात फोंडा-पणजी गाडीवर असलेला कंडक्टर, तेव्हा पंचविशी-तिशीतला असावा. आई सांगायची, त्याच्या डाव्या भुवईवर जुनी खोक होती आणि चहात तो साखर घालू नको म्हणाला होता. कोणाचे वडील, काका, मामा त्या वेळी कदंबात असतील तर कृपा करून घरी विचारून बघा. त्यांची ओळख इथे उघड लिहू नका, मला निरोप पाठवा. मी भेटायला येईन.